पुळण मोजायची कशी आणि तिचे मोल ठरवायचे कुणी?

गिरणाकाठचा_मास्तर | 9 नोव्हेंबर, रात्री 9.10

नमस्कार मंडळी. मी भडगाव तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो. 2017 पासून, करोनाची दोन वर्षे सोडली तर, आमची शैक्षणिक सहल दर डिसेंबरात गुहागर तालुक्यातील एकाच गावाच्या पुळणीवर जाते. गाडी एकाच देवळासमोर थांबते आणि मुलांचा सामूहिक फोटोही त्याच जागी, समुद्राकडे पाठ करून काढला जातो. गेल्या आठवड्यात सहाही फोटो एकाखाली एक लावून पाहिले. पहिल्या फोटोत मुलांच्या मागे पाण्यापर्यंत बरीच वाळू दिसते, मागच्या वर्षीच्या फोटोत पाणी जवळ आलेले आहे आणि सुरूच्या रांगेतील कडेच्या झाडांची मुळे उघडी पडली आहेत.

माझे प्रश्न दोन आहेत. या फोटोंवरून पुळण झिजते आहे असे म्हणता येईल का, आणि नसेल तर साध्या साधनांनी ती कशी मोजावी? दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. आपल्या गिरणेच्या वाळूचे मोल ब्रास या मापात होते, ट्रॅक्टर भरला की हिशेब लागतो. जी वाळू कुणी उचलत नाही, जागेवर पडून राहते, तिचे मोल कसे करावे? आपण समुद्रापासून दूरची माणसे आहोत हे मान्य आहे, पण वाळू या विषयात खानदेशाला कुणी अडाणी म्हणू नये.

पांझराकर | 9 नोव्हेंबर, रात्री 9.32

सर, वाळूच्या विषयात आपला अधिकार वादातीत आहे. नदीतून वाळू संपली की काय होते, याचा जेवढा अनुभव आपल्याकडे आहे तेवढा कोकणाला अद्याप यायचा आहे.

सुरतवासी_खानदेशी | 9 नोव्हेंबर, रात्री 10.15

आपण समुद्रापासून दूर आहोत हे अर्धेच खरे आहे, मास्तर. मी मूळचा नंदुरबारचा असून वीस वर्षे उधन्यात राहतो. मुलताईला उगम पावलेली तापी 724 किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्राला मिळते आणि तिच्या खोऱ्याचा जवळपास चार पंचमांश भाग महाराष्ट्रात आहे. म्हणजे डुमसच्या किनाऱ्यावर जी काळसर वाळू आहे, तिच्यात वाघूर, गिरणा, पांझरा, बुराई, गोमाई या सगळ्यांचा वाटा आहे. पाहुणे गावाकडून आले की मी त्यांना डुमसला नेतो आणि "ही तुमच्याच शेतातून आलेली आहे, पायाला लागली तर झटकू नका" असे सांगतो.

मात्र 1972 मध्ये उकाई धरण झाले आणि त्याही वर 1982 मध्ये हतनूर झाले. पाणी पुढे सोडले जाते, जड वाळू मात्र जलाशयात बसते. किनाऱ्यावर दर पावसाळ्यात येणारी नवी भर कमी झाली, तर लाटांची झीज भरून कशी निघणार? त्यामुळे पुळणीची मोजणी पुळणीपासून सुरू करणे हेच मला अपुरे वाटते. तिचे खाते वर नदीत उघडलेले असते.

गिरणाकाठचा_मास्तर | 9 नोव्हेंबर, रात्री 10.40

म्हणजे गुहागरच्या पुळणीवरही आपल्या तापीची वाळू असू शकते का?

नकाशावेडा | 10 नोव्हेंबर, सकाळी 7.05

असे मानायला फारसा आधार नाही, सर, आणि ते तपासणे सोपे आहे. कोकणातील नद्या आखूड आहेत, त्या सह्याद्रीतून उतरून लगेच खाडीला मिळतात. तिथल्या अनेक पुळणींत शिंपल्यांच्या चुऱ्याचे प्रमाण मोठे असते. चिमूटभर कोरड्या वाळूवर लिंबू पिळावे किंवा व्हिनेगर टाकावे. बुडबुडे आले तर त्यात शिंपल्यांचा चुना आहे. नंतर त्याच वाळूतून लोहचुंबक फिरवावे. गिरणेच्या वाळूत चुंबक फिरवला की काळ्या कणांची मिशी लागते, हे आपण सर्वांनी लहानपणी जुन्या स्पीकरचे चुंबक काढून केलेले आहे. ते मॅग्नेटाइटचे कण काळ्या पाषाणातून आलेले असतात. दोन्ही वाळू मुलांसमोर शेजारी ठेवा, अर्धा तास चांगला जाईल. रत्नागिरी शहरात तर एका बाजूला 'काळा समुद्र' आणि दुसऱ्या बाजूला 'पांढरा समुद्र' अशीच किनाऱ्यांची नावे आहेत, ती पाण्यामुळे नसून वाळूमुळे पडली आहेत.

आता फोटोंविषयी. तुमच्या सहा फोटोंतील पाण्याची रेषा पुरावा म्हणून जवळपास निरुपयोगी आहे, कारण भरती कोणत्या टप्प्यावर होती हे त्यात नाही. प्रत्येक फोटोची तारीख आणि वेळ मोबाइलमध्ये असेल, ती येथे द्यावी.

पुळणीवरची_सून | 10 नोव्हेंबर, दुपारी 2.20

मी माहेरची पारोळ्याची आणि सासर याच तालुक्यात, समुद्रापासून दीडशे पावलांवर. भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. तिथीला तिनाने गुणून चारांनी भागावे, जे तास येतील ती पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. अष्टमीला आठ त्रिक चोवीस भागिले चार, म्हणजे सहा वाजता भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान भरती आणि सायंकाळी साडेपाच-सहाला ओहोटी. माझ्या सासूबाई कालव काढायला अजूनही याच हिशेबाने जातात आणि त्या कधी रिकाम्या हाताने परतलेल्या मी पाहिल्या नाहीत.

सर, तुमच्या शाळेची गाडी मी बहुधा पाहिली आहे. मुले उतरताच चपलांसह पाण्यात धावतात आणि नंतर एकच चप्पल घेऊन परततात, तीच ना?

गिरणाकाठचा_मास्तर | 10 नोव्हेंबर, रात्री 8.50

तीच, ताई. दरवर्षी सरासरी चार चपला अरबी समुद्राला अर्पण होतात.

पंचांग घेऊन बसलो. सहाही फोटो दुपारी बारा ते साडेबारामधले निघाले, कारण जेवणापूर्वी फोटो हा आमचा नियम आहे. पहिला फोटो अष्टमीचा आहे, म्हणजे ऐन ओहोटीचा. मागच्या वर्षीचा चतुर्दशीचा आहे, म्हणजे भरती नुकतीच पूर्ण होऊन गेली होती. ज्या फरकाने मी अस्वस्थ झालो तो बराचसा पंचांगाचा फरक होता, हे कबूल करताना थोडी लाज वाटते. पण झाडांची उघडी मुळे तिथीप्रमाणे झाकली-उघडली जात नाहीत, हेही लक्षात घ्यावे.

नकाशावेडा | 10 नोव्हेंबर, रात्री 9.30

अगदी बरोबर. म्हणूनच पाण्याच्या रेषेऐवजी झाडोऱ्याची कड पाहावी. सुरू, मर्यादवेल किंवा केवडा जिथे संपतो ती रेषा भरती-ओहोटीने रोज हलत नाही. आणखी एक सापळा ऋतूचा आहे. पावसाळ्यातील उंच लाटा पुळणीवरची वाळू ओढून किनाऱ्यालगत पाण्याखाली तिचा बांध घालतात, आणि ऑक्टोबरनंतरच्या शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून ठेवतात. ऑगस्टमध्ये पुळण पाहून गेलेला माणूस ती संपली म्हणतो, मार्चमध्ये आलेला म्हणतो काही झालेलेच नाही. तुमचे सगळे फोटो डिसेंबरचे आहेत ही जमेची बाजू आहे.

देशभराचा विचार केला तर राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने 1990 ते 2018 या काळातील उपग्रहचित्रे तपासून मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी 33.6 टक्के किनारा झिजत असल्याचे नोंदवले आहे. मात्र उपग्रहाला आपल्या गावाची पुळण बारकाईने दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. लँडसॅटच्या चित्रातील एक ठिपका 30 मीटरचा असतो, 2015 पासूनच्या सेंटिनेलचा 10 मीटरचा. दोन मीटरची झीज त्यात सहज बुडून जाते. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या नॅराबीन पुळणीची 1976 पासून दरमहा त्याच रेषांवर मोजणी चालू आहे, म्हणून तिथले शास्त्रज्ञ वादळानंतर किती वाळू गेली आणि किती महिन्यांनी परतली हे सांगू शकतात. त्याच देशात 2017 साली 'कोस्टस्नॅप' नावाची युक्ती सुरू झाली. किनाऱ्यावर खांबाला मोबाइल ठेवण्याची खोबण बसवतात आणि येणारा-जाणारा त्यात मोबाइल ठेवून एकाच कोनातून फोटो काढून पाठवतो. तुम्ही देवळासमोर नकळत तेच केले आहे, फक्त पुढे साठ मुले उभी करून पुळण झाकली आहे.

केळीबागाईतदार | 10 नोव्हेंबर, रात्री 10.02

मुलांना बाजूला उभे करावे, हा या धाग्यातील पहिला अमलात आणण्याजोगा सल्ला आहे.

निवृत्त_मंडळ_अधिकारी | 11 नोव्हेंबर, सकाळी 11.15

महसूल खात्यात तीस वर्षे काढली, त्यातील निम्मी नदीकाठच्या मंडळांत गेली, म्हणून दोन शब्द लिहितो. अवैध उपशाचा पंचनामा करताना आम्ही खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली मोजून घनफळ काढत असू. 100 घनफूट म्हणजे एक ब्रास, सुमारे 2.83 घनमीटर. हे गणित निर्विवाद आहे. वाद पुढे होतो. समोरचा म्हणतो, हा खड्डा मुळातच होता किंवा पुराने पडला. त्याआधीची पातळी कोणत्याही कागदावर नसल्यामुळे आम्हाला उत्तर देता येत नसे. एका प्रकरणात तर आदल्या रात्री पूर आला आणि सकाळी मोजायला खड्डाच उरला नाही. 2012 च्या दीपक कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान वाळूगटांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली, आणि त्यानंतरच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत पावसाळ्यापूर्वीची व नंतरची पातळी मोजण्यावर भर आला. आधीची पातळी नसेल तर नुकसान सिद्ध होत नाही, हे नदीला जसे लागू आहे तसे पुळणीलाही.

मास्तरांच्या दुसऱ्या प्रश्नासाठी एक उदाहरण मांडतो, आकडे मी केवळ समजण्यासाठी धरले आहेत. एक किलोमीटर लांब आणि 50 मीटर रुंद पुळण सरासरी 30 सेंटिमीटरने खचली, तर 15,000 घनमीटर वाळू गेली, म्हणजे सुमारे 5,300 ब्रास. 2023 साली शासनाने डेपोतून वाळू देण्यासाठी ठरवलेला 600 रुपये ब्रासचा दर लावला, तर रक्कम 31 लाख 80 हजार होते. आता त्याच ठिकाणी गाव वाचवण्यासाठी धूपप्रतिबंधक बंधारा बांधायचा म्हटले तर अंदाजपत्रक कोटींत जाते. याचा अर्थ, जी वाळू फुकटात बंधाऱ्याचे काम करत होती तिला आपल्या दरपत्रकात फक्त गिलाव्याचा दर आहे.

तापीकाठ | 11 नोव्हेंबर, दुपारी 1.40

मंडळ अधिकारी अण्णासाहेबांविषयी आदर राखून माझा मूळ मुद्द्यालाच विरोध नोंदवतो. मी तापीकाठच्या प्रकाशा गावचा आहे. आमच्याकडे संगमावरच्या वाळूत पिढ्यान्‌पिढ्या पिंडदान होत आले आहे. एकदा तुम्ही पुळणीला 32 लाख असा आकडा चिकटवला की उद्या कुणीतरी 40 लाख घेऊन उभा राहील आणि म्हणेल, घ्या, आठ लाख जास्तच देतो, आता बाजूला व्हा. ज्याला किंमत नसते ते विकले जात नाही. किंमत ठरवणे ही विक्रीची पहिली पायरी आहे, आणि नदीच्या बाबतीत आपण त्या शिडीवरून पार तळापर्यंत उतरून आलो आहोत.

पांझराकर | 11 नोव्हेंबर, दुपारी 2.05

दादा, नदीला किंमत नव्हती तेव्हाही वाळू जातच होती, तेव्हा फक्त पावती फाटत नव्हती.

अर्थशास्त्राचा_विद्यार्थी | 11 नोव्हेंबर, रात्री 9.00

तापीकाठ दादांची भीती निराधार नाही, पण 'किंमत' आणि 'मोल' यांत अर्थशास्त्रही फरक करते. बाजारात न विकल्या जाणाऱ्या गोष्टींचे मोल काढण्याच्या काही रीती आहेत. हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी 1947 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांसाठी एक सुचवली. तिकीट नसले तरी लोक तिथे पोहोचण्यासाठी किती खर्च करतात ते पाहावे. त्याला प्रवासखर्च पद्धत म्हणतात. दुसऱ्या रीतीत लोकांना सरळ विचारले जाते की हे टिकावे म्हणून तुम्ही किती रक्कम द्यायला तयार आहात. 1989 मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर 'एक्सॉन व्हाल्डेझ' जहाजातून तेलगळती झाली, तेव्हा या दुसऱ्या रीतीवर मोठा वाद झाला. केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या नोबेल मानकरी अर्थशास्त्रज्ञांच्या समितीने 1993 मध्ये असा निर्वाळा दिला की काळजीपूर्वक घेतलेली अशी पाहणी न्यायालयात चर्चेचा आरंभबिंदू म्हणून वापरता येईल. म्हणजे हे आकडे नुकसान करणाऱ्याकडून भरपाई मागण्यासाठीही असतात, केवळ विकण्यासाठी नसतात.

सर, सहलीला प्रत्येक मुलामागे किती खर्च येतो?

गिरणाकाठचा_मास्तर | 11 नोव्हेंबर, रात्री 9.20

मागच्या वर्षी 1,850 रुपये आला. त्यात रायगडही होता, आणि चपला धरलेल्या नाहीत.

अर्थशास्त्राचा_विद्यार्थी | 11 नोव्हेंबर, रात्री 9.45

मग रायगडाचा वाटा वेगळा काढावा लागेल. एकाच प्रवासात अनेक ठिकाणे असली की या पद्धतीची पंचाईत होते, ती इथेच दिसली.

पुळणीवरची_सून | 12 नोव्हेंबर, सकाळी 10.30

मला त्यापेक्षा मोठी पंचाईत दिसते. भडगावचा मुलगा पाचशेहून अधिक किलोमीटर येतो म्हणून त्याच्या नावावर 1,850 रुपयांचे मोल लागते, आणि माझ्या सासूबाई गेली पन्नास वर्षे अनवाणी चालत पुळणीवर जातात म्हणून त्यांच्या नावावर शून्य. जो जितका लांबचा तितका त्याचा जीव पुळणीवर जास्त, असे या हिशेबातून निघते.

पुळण आमच्यासाठी काय आहे ते सांगते. पावसाळ्यापूर्वी होड्या ओढून ठेवायला तीच जागा, जाळी सुकवायला आणि विणायला तीच, मासळी वाळत घालायलाही तीच. खाली मालवणकडे रापण ओढतात, त्या जाळ्याला दोन्ही टोकांनी पंचवीस-तीस माणसे किनाऱ्यावरून ओढतात, दगडी बंधाऱ्यावर उभे राहून ते करता येत नाही. वाडीतील विहिरीचे पाणी समुद्र इतका जवळ असूनही गोड आहे, ते याच वाळूमुळे. आणि कासवे वेगळीच. मंडणगड तालुक्यातील वेळासला 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने ऑलिव्ह रिडलेची घरटी राखली. 25 जानेवारी 2022 रोजी तिथे एका मादीच्या पाठीवर उपग्रह-यंत्र बसवले आणि तिचे नाव 'प्रथमा' ठेवले. पश्चिम किनाऱ्यावर असे प्रथमच झाले होते. आज कासव महोत्सवाला येणारे पर्यटक तिथल्या घरांत राहतात, जेवतात. पण त्याआधी कासवांसाठी कुणी प्रवासखर्च करत नव्हते, म्हणून ती मोलाची नव्हती असे म्हणायचे का?

नकाशावेडा | 12 नोव्हेंबर, दुपारी 12.10

विहिरीच्या मुद्द्याला पुस्ती जोडतो. पावसाचे गोडे पाणी वाळूत मुरून खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक मीटर असेल तर तिच्याखाली सुमारे 40 मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी असते, असा ठोकताळा आहे. वरची पातळी थोडी घटली की खालून खारे पाणी चाळीसपटीने वर चढते. पुळण आणि तिच्यामागची वाळूची टेकाडे खचली की हा साठा आक्रसतो.

केळीबागाईतदार | 12 नोव्हेंबर, दुपारी 12.40

आमच्या रावेर-यावलला समुद्र नाही म्हणून खारे पाणी येत नाही, एवढाच फरक आहे. नदीतील वाळूचा थर गेला त्या वर्षापासून काठच्या विहिरी मार्चमध्येच तळ दाखवू लागल्या. माझी आजी एकच वाक्य म्हणत असे, "रेती नही ते पानी नही." त्या वाक्याला आम्ही भाव विचारला नाही आणि नंतर बोअरवर बोअर घेत बसलो. त्या बोअरचा खर्च हेच माझ्या वाळूचे मोल, असे धरले तर चालेल का?

अर्थशास्त्राचा_विद्यार्थी | 12 नोव्हेंबर, दुपारी 1.15

चालेल, काका, आणि ते प्रवासखर्चापेक्षा अधिक प्रामाणिक आहे. जे नैसर्गिकरीत्या मिळत होते ते बंद पडल्यावर पर्यायासाठी किती मोजावे लागले, याला पर्यायी खर्चाची पद्धत म्हणतात. ताई, तुमच्या गावात 'किती पैसे द्याल' असे विचारण्यापेक्षा 'पुळण नसती तर काय करावे लागले असते' असे विचारून पाहाल का?

सुरतवासी_खानदेशी | 12 नोव्हेंबर, रात्री 8.30

त्यापेक्षा सरकारने किनाऱ्यांना 'ब्लू फ्लॅग' हा चांगल्या किनाऱ्यांचा आंतरराष्ट्रीय झेंडा मिळवून द्यावा, म्हणजे मोल आपोआप सिद्ध होईल. त्यासाठी 33 निकष असतात आणि 2020 मध्ये आपल्या देशातील आठ किनाऱ्यांना तो एकदम मिळाला, त्यांत आमच्या गुजरातचा शिवराजपूर आहे.

पुळणीवरची_सून | 12 नोव्हेंबर, रात्री 9.10

भाऊ, ते निकष मुख्यतः अंघोळीचे पाणी, स्वच्छता, सुरक्षा आणि सोयी यांचे आहेत, म्हणजे पाहुण्याच्या नजरेतील पुळण. पाहुणा ज्याला कचरा म्हणतो त्या वाहून आलेल्या शेवाळात आणि काटक्यांत बारीक जीव असतात, ते खायला पक्षी येतात, आणि तीच काडीकचऱ्याची ओळ वाऱ्याने उडणारी वाळू धरून ठेवते. यंत्र फिरवून पुळण अंगणासारखी साफ केली तर ती सुंदर दिसते, पण धरून ठेवणारे काही उरत नाही. प्लास्टिक जरूर उचलावे.

निवृत्त_मंडळ_अधिकारी | 13 नोव्हेंबर, सकाळी 9.50

आणि झेंडा लागला म्हणून किनारा सुरक्षित होतो असे नाही. कायद्याचे संरक्षण 1991 च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेपासून आहे. भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतच्या पट्ट्याला ती लागू झाली, त्या पट्ट्यातील वाळू काढण्यास काही अपवाद वगळता बंदी आहे, आणि 2011 व 2019 मध्ये तिची नवी रूपे आली. खेडेगावांत बांधकामास मनाई असलेला पट्टा 200 मीटरचा होता, तो दाट वस्तीच्या गावांसाठी 2019 मध्ये 50 मीटरवर आला. रेषा कागदावर सरकली की पुळणीची किंमत न मोजताही बदलते, हे माझे खात्यातील निरीक्षण आहे.

नकाशावेडा | 13 नोव्हेंबर, दुपारी 3.00

रेषांवरून आठवले. आपण शाळेत देशाचा किनारा 7,516.6 किलोमीटर असा पाठ केला. आता शासनाचा आकडा 11,098.81 किलोमीटर आहे. समुद्राने नवी जमीन दिलेली नाही. पूर्वीपेक्षा बारीक प्रमाणाच्या नकाशावर मोजल्यामुळे खाड्या आणि वळणे हिशेबात आली. म्हणून एक विनंती, मोजणीची रीत पहिल्या दिवशी ठरवा आणि कितीही सुधारणेचा मोह झाला तरी ती बदलू नका.

बंधाऱ्याबद्दलही सावध करतो. चेन्नईचे बंदर झाल्यावर दक्षिणेला वाळू साचून मरीना रुंद झाली आणि उत्तरेला रोयापुरमची बाजू खचली, कारण किनाऱ्यालगत उत्तरेकडे सरकणारी वाळू मध्येच अडली. पुदुच्चेरीतही बंदराच्या भिंतींनंतर शहरासमोरची पुळण नाहीशी होऊन दगडच राहिले होते. 2018 च्या सुमारास पाण्याखाली कृत्रिम खडक बसवून आणि वाळू टाकून तिचा काही भाग परत आणावा लागला. गावाला खरेच धोका असेल तिथे बंधारा टाळता येत नाही हे मान्य करूनही, त्याच्या टोकाला असलेल्या शेजारच्या गावाची पुळण आधी मोजून ठेवावी.

आता रीत. 1961 मध्ये एमरी नावाच्या सागरशास्त्रज्ञाने सांगितलेली आहे. दीड-दीड मीटरच्या दोन सरळ काठ्या घ्या, त्यांवर वरच्या टोकापासून खाली सेंटिमीटरच्या खुणा करा, आणि दोन मीटरची दोरी घ्या. एक काठी जमिनीकडे, दुसरी समुद्राकडे, मध्ये दोरी ताणलेली. जमिनीकडच्या माणसाने पुढच्या काठीचे टोक आणि क्षितिज एका रेषेत येईल असा डोळा खाली आणावा. डोळा आपल्या काठीवरील ज्या खुणेशी येईल तेवढा दोन मीटरमध्ये उतार. मग मागची काठी पुढच्या काठीच्या जागी आणून तसेच पाण्यापर्यंत जावे. चढ असेल तर उलट, मागच्या काठीच्या टोकावरून क्षितिज पाहून पुढच्या काठीवरची खूण वाचावी. सुरुवात कधीही झाडापासून करू नये, न हलणाऱ्या खुणेपासून करावी.

पांझराकर | 13 नोव्हेंबर, दुपारी 3.25

आणि गिरणेत क्षितिज कुठून आणायचे? तिथे समोर पुलाचे खांब आणि ट्रॅक्टर दिसतात.

नकाशावेडा | 13 नोव्हेंबर, दुपारी 3.40

नदीत गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरावी. दोन टोकांतील पाणी नेहमी एका पातळीत राहते, त्याला ट्रॅक्टरही अडवू शकत नाही.

तापीकाठ | 13 नोव्हेंबर, रात्री 9.15

मोजणीला माझा विरोध नाही, हे स्पष्ट करतो. प्रकाशाच्या घाटाच्या पायऱ्यांपासून नदीच्या तळापर्यंत नळीने पातळी घेण्याची तयारी दाखवतो. रुपयांचा रकाना मात्र मी कोरा ठेवीन.

पुळणीवरची_सून | 25 नोव्हेंबर, दुपारी 4.00

गावातील 23 घरांत जाऊन 'पुळण नसती तर' हा प्रश्न विचारला. 14 घरांनी पहिल्यांदा विहिरीचे नाव घेतले, पर्यटकांचे फक्त तिघांनी, आणि त्या तिघांच्याही खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत. होडीवाल्यांनी जेटीच्या भाड्याचा हिशेब केला. दोन घरांतील पुरुषांनी उत्तर देण्याआधी आतून बायकांनी दिले, ते मासळी वाळवण्याच्या जागेचे होते. एका आजीने सांगितले, "पुळण आमची कुठे, दर्याची आहे, तो ठेवतो तोवर वापरायची." हे उत्तर कोणत्या रकान्यात लिहावे, विद्यार्थी दादांनी सांगावे.

अर्थशास्त्राचा_विद्यार्थी | 25 नोव्हेंबर, रात्री 10.20

माझ्या तक्त्यात त्यासाठी रकाना नाही, ताई. ते आहे तसे शब्दांत लिहून ठेवा. तापीकाठ दादांच्या कोऱ्या रकान्यात ते बसेल असे वाटते.

गिरणाकाठचा_मास्तर | 6 डिसेंबर, रात्री 9.30

काल रात्री परतलो. 4 तारखेच्या पौर्णिमेची ओहोटी साधून दुपारी साडेचारला देवळाच्या जोत्याच्या कोपऱ्यापासून मोजणी सुरू केली. ताई आणि त्यांच्या सासूबाई मुद्दाम आल्या होत्या. नववीच्या सहा मुलांनी काठ्या धरल्या, बाकीच्यांना बाजूला उभे केले आणि फोटोही तसाच काढला. जोत्यापासून पाण्यापर्यंत 29 टप्पे झाले, म्हणजे 58 मीटर. दोन गटांनी तीच रेषा वेगवेगळी मोजली आणि एकूण उतारात 21 सेंटिमीटरचा फरक आला. चूक शोधताना सासूबाईंनीच दाखवले की ओल्या वाळूत काठी खाली रुतते आणि प्रत्येक मुलगा वेगळ्या जोराने ती टेकवतो. वर्षाची झीज कदाचित 21 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तेव्हा हा आकडा मी येथे टाकत नाही. लिंबू पिळल्यावर मात्र वाळू चांगली फसफसली आणि गिरणेची वाळू शेजारी गप्प बसून राहिली.

ताई आता दर पौर्णिमेला त्याच रेषेवर मोजणी करणार आहेत. 3 जानेवारीपूर्वी काठीच्या रुतण्यावर काही उपाय सुचवावा.

केळीबागाईतदार | 6 डिसेंबर, रात्री 9.50

सर, काठीच्या बुडाला चपटी चकती हवी. ठिबकच्या 63 मिलिमीटर पाइपाचे टोपण उलटे घालून आत काठी घट्ट बसवा, ते रुतत नाही, आम्ही बागेत आधाराच्या बांबूंना तेच लावतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा, उद्या चार टोपणे पाठवतो. दोन पुळणीसाठी, दोन गिरणेसाठी.